आईच्या पाटल्या गेल्या, आणि जामीन तर हक्काचा होता

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. गेल्या पावसाळ्यात भांडुपला त्याच्या टेम्पोची धडक बसून एका स्कूटरवाल्याचा पाय मोडला. भावानेच त्यांना हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी त्याला अटक झाल्याचा फोन आला.

मी आणि आई पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. गेटवरच हातात फाईल घेतलेला एक माणूस पुढे आला. "ताई, अ‍ॅक्सिडेंटवाल्या पोराच्या घरचे ना?" याला कसं कळलं, हे विचारायचंही सुचलं नाही मला. म्हणाला, "मी वकीलसाहेबांचा माणूस. नॉन-बेलेबल, म्हणजे अजामीनपात्र कलम लागलंय. आज रात्री काही केलं नाही तर उद्या कोर्ट आणि तिथून थेट आर्थर रोड जेल. तुम्ही आत जाऊन बोलू नका, केस बिघडेल."

पंचेचाळीस हजारांवरून चाळीसवर आला. आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या, त्या मी ओळखीच्या सोनाराकडे गहाण टाकून पंचवीस हजार रोख आणले. पंधरा हजार मोबाईलवरून पाठवले. पावती मागितली तर म्हणाला, "अशा कामाची पावती नसते, ताई."

रात्र आम्ही बाहेर बाकावर काढली. सकाळी राहवेना म्हणून आत गेले, तर ड्युटीवरचे अधिकारी माझ्यावरच चिडले. "अहो, कालपासून जामीनदाराची वाट बघतोय. होतात कुठे?" भावाचा शेठ आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन आला, त्याने सही केली आणि तासाभरात भाऊ बाहेर. बंधपत्रावर, म्हणजे तारखेला हजर राहण्याच्या लेखी हमीवर, पंधरा हजारांचा आकडा होता, पण तो तेव्हा भरायचा नसतो. आरोपी तारखेला हजर राहिला नाही तरच तो वसूल होऊ शकतो. तिथे आमचा एक रुपयाही लागला नाही.

गेटवर तो माणूस उभाच होता. "बघा, झालं ना काम!" आईने त्याला हात जोडले. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

पंधरा दिवसांनी 'चार्जशीट (आरोपपत्र) हलकं करायला' वीस हजार हवेत म्हणून त्याचा फोन आला, तेव्हा मी कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात, म्हणजे मोफत कायदेशीर मदत मिळते तिथे, गेले. तिथल्या वकीलबाईंनी एफआयआर वाचला. भारतीय न्याय संहितेची कलमं 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 125 (निष्काळजीपणे दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा दुखापत), दोन्ही जामीनपात्र. अशा गुन्ह्यात जामीन कोणाच्या मेहरबानीने मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-जामिनाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम 478 प्रमाणे तो हक्क आहे आणि पोलीस ठाण्यातच मिळतो. ऐपत नसलेल्याला जामीनदाराशिवाय, स्वतःच्या बंधपत्रावरही सोडता येतं.

म्हणून कळकळीने सांगते, कोणी गेटवर कितीही घाबरवलं तरी आधी आत जा. कलमं कोणती, जामीनपात्र आहेत का, जामीनदार कसा हवा, हे ड्युटी ऑफिसरलाच विचारा आणि लिहून घ्या. कलमं खरोखर अजामीनपात्र असली तरी प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. तिथे वकिलामार्फत जामिनाचा अर्ज करता येतो, नाकारला तर सेशन्स कोर्टात जाता येतं. कोर्टाने रोख जामीन भरायला सांगितलं तर तो कोर्टातच भरतात आणि त्याची पावती मिळते. कोणी पैसे घेऊन अनोळखी जामीनदार उभा करून देतो म्हणाला तर मुळीच ऐकू नका. त्याचे कागद खोटे निघाले तर नवा गुन्हा गळ्यात पडतो.

वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. मी स्वतः बाई, भाऊ कोठडीत, म्हणजे त्या रात्री आम्हा दोघांनाही तो मिळाला असता.

त्या माणसाविरुद्ध मी तक्रार दिली आहे. पंधरा हजारांचा स्क्रीनशॉट जोडला, रोख पंचवीस हजारांचा काहीच पुरावा नाही. पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत.