आठ महिने, 180 हाताने बनवलेली ग्रिड कोडी आणि पान नंबर 87

नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन मागवलेलं ते स्पायरलवालं कोड्यांचं पुस्तक, 180 कोडी, 550 रुपये आणि वर 60 कुरियरचे. त्याच्याबद्दल जानेवारीतच लिहायला बसले होते, राहून गेलं ते बरंच झालं, कारण तेव्हा पाच स्टार दिले असते, मे महिन्यात एक दिला असता, आणि आता जुलैत मत परत बदललंय.

स्लिदरलिंक, नुरिकाबे, मास्यू, हेयावाके, फिलोमिनो, अकारी असे जाळीच्या कोड्यांचे सगळे प्रकार आहेत. सगळ्यांचे नियम सांगत बसत नाही, पुढे लागतील ते दोनच: स्लिदरलिंकमध्ये टिंबं रेघांनी जोडून एकच बंद लूप काढायचा, घरातला आकडा सांगतो त्या घराला किती रेघा; नुरिकाबेत काळी केलेली घरं सगळी एकमेकांना जोडलेली हवीत (हा समुद्र), पण दोन बाय दोनचा काळा चौकोन चालत नाही. सुडोकू एकही नाही आणि ते मला आवडलं. नागपुरात सुभाष नगरहून अग्रसेन चौकापर्यंत रोज मेट्रोने जाते, इतवारीत एका होलसेलवाल्याकडे अकाउंट्स बघते, सकाळी बसायला जागा मिळाली की वीसेक मिनिटं माझी. त्याआधी तीन वर्षं मोबाइलवर फुकटचं अ‍ॅप होतं, दर दोन कोड्यांनंतर जाहिरात. ती कोडी कॉम्प्युटरने पाडलेली. सुटतात, पण सुटलं की संपलं, संध्याकाळी विचारलं सकाळी काय सोडवलं तर एक आठवणार नाही.

या पुस्तकातलं बारावं कोडं मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. छोटीशी स्लिदरलिंक, चारही कोपऱ्यांत 3. कोपऱ्यातल्या 3 ला बाहेरच्या दोन्ही रेघा द्याव्याच लागतात (एक सोडली तर कोपऱ्याच्या टिंबाशी दुसरी अडकते म्हणून तीही जाते, मग उरतात दोनच), तर बसल्या बसल्या चार कोपरे मिळाले आणि वाटलं सोपं आहे, आणि मग मधल्या 0 च्या तिरक्या रांगेने सगळे सोपे रस्ते एकेक करून बंद केले. अर्धं सुटल्यावर कळतं की बनवणाऱ्याने आपल्याला मुद्दाम या वाटेने आणलंय. पान उलटं धरलं तरी आकड्यांच्या जागा त्याच. ही शिस्त जपानच्या निकोलीची. 1980 ला निघालेलं कोड्यांचं नियतकालिक, नाव चक्क शर्यतीच्या घोड्यावरून ठेवलेलं. वाचक नवीन प्रकार पाठवायचे, दुसरे वाचक त्यात सुधारणा करायचे, स्लिदरलिंक, नुरिकाबे, मास्यू ही सगळी तिथलीच. सुडोकू हे नावही त्यांनी 1984 मध्ये दिलेल्या लांबलचक जपानी नावाचं छोटं रूप, कोडं त्याआधी 1979 मध्ये अमेरिकेत नंबर प्लेस म्हणून छापून आलं होतं. या सगळ्या कोड्यांचा एक अलिखित करार आहे, उत्तर एकच असणार आणि प्रत्येक रेघेला कारण असणार. तुक्का मारायची वेळ येणार नाही. मी पैसे त्या कराराचे दिलेत, 180 पानांचे नाही.

आता कागद. नोव्हेंबर ते मार्च कागदाबद्दल काही तक्रार नव्हती. एप्रिलमध्ये कूलर लावला आणि सगळं बिघडलं. नागपुरात राहणाऱ्यांना सांगायला नको, रात्रभर कूलर चालला की पापड मऊ, मीठ ओलं, आणि हे पुस्तक म्हणजे धुतलेल्या फडक्यासारखं. कागद पातळ आहे, दमट झाला की एचबी पेन्सिल उमटतच नाही, जोर दिला तर मागच्या पानावर खड्डा पडतो, टू बी घेतली तर तळहाताने सगळं पुसतं. आणि खोडायला गेलं की कागदाची लव निघते, दुसऱ्यांदा खोडलं की भोक. स्लिदरलिंकमध्ये जिथे रेघ नाही तिथे बारीक फुल्या माराव्या लागतात, एका पानावर शंभर-दीडशे फुल्या सहज होतात, त्यातल्या दहा तरी चुकणारच, मग खोडणार कुठे? चार प्रकारचे खोडरबर घेऊन पाहिले. पांढरा मऊ, कमी भुसा पडणारा, तो त्यातल्या त्यात बरा. शेवटी पुस्तक रात्री कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायला लागले आणि सोडवायचं ते मेट्रोतच, तिथल्या एसीत कागद जरा कडक राहतो. 550 रुपयांच्या पुस्तकासाठी एवढं सगळं का करायचं? कोड्यांवर एवढी मेहनत घेतलेली आणि कागद असा, याचा मला मनापासून राग आहे.

मे महिन्यात पान 87 आलं. मोठी स्लिदरलिंक, पुस्तकातली सगळ्यात मोठी, जाळी पानाच्या काठापर्यंत गेलेली. नऊ दिवस पुरवून पुरवून सोडवली. सगळा लूप जमला, फक्त डाव्या खालच्या कोपऱ्याचं एक घर राहिलं. लूप वरून येतो, त्या घराला बाहेरून वळसा घालून जाऊ शकतो नाहीतर घर बाहेर टाकून आतून कापून जाऊ शकतो. दोन्हीकडे दोन-दोनच रेघा, दोन्ही वेळेला लूप एकच आणि बंद. आजूबाजूला ठरवणारा एकही आकडा नाही. घरी आल्यावर रात्री परत पहिल्यापासून केली, नवीन कागदावर जाळी आखून. तेच. दोन उत्तरं.

विकणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप केला, फोटो काढून, दोन्ही उत्तरं दोन रंगांत. उत्तर आलं, "मॅडम कोडी सगळी तपासलेली आहेत, परत एकदा ट्राय करा." मी परत लिहिलं, तर म्हणे "उत्तर मागे दिलेलं आहे ना." अरे हो, आहे, पान 204 वर, लूप आतून गेलाय. पण का आतून? ते का मिळालं नाही तर उत्तर माझ्या काय कामाचं? पैसे परत मागितले, सात दिवसांची मुदत संपली म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात मी दोन-तीन जणींना हे पुस्तक घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि बनवणाऱ्याला बरंच बोलले. ते शब्द मी इथे परत घेते.

कारण झालं असं, पान फाटायला आलं होतं म्हणून एक झेरॉक्स काढून ठेवावी म्हणून सीताबर्डीला नेहमीच्या दुकानात गेले. ते दादा तिथेच स्पायरलही करून देतात. त्यांनी पान काचेवर ठेवण्याआधीच काठावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा आकडा तं भोकात गेला." मी म्हटलं कुठला आकडा? त्यांनी दाखवलं. कोपऱ्याच्या घराच्या बरोबर वरचं घर, स्पायरलचं चौकोनी भोक त्याच्यावरच पडलेलं, आणि भोकाच्या उजव्या कडेला एक बारीकशी काळी रेघ उरलेली, मला आठ दिवस ती शाईचा डाग वाटत होती. ती 2 च्या पायाची रेघ होती. "स्पायरलले अर्धा इंच सोडाच लागते, यायनं सोडलाच नाही," दादा म्हणाले.

2. तिथे 2 असेल तर त्या घराला डावी रेघ आहेच, दुसरी खालचीच द्यावी लागते, म्हणजे लूप आतूनच वळतो. बाहेरून गेला तर त्या घराला एकच रेघ राहते. बस, एवढंच. कोडं पूर्ण बरोबर होतं, बनवणाऱ्याने ती जागा धरून ठेवली होती, बाइंडिंगवाल्याने ती पंच मारून उडवली. दुकानात उभ्या उभ्या मला रडू यायचं बाकी होतं, कारण इतके दिवस मी त्या माणसावर अविश्वास दाखवला होता.

परत फोटो पाठवला, भोकाला बाण काढून. यावेळी उत्तर आलं, "एकच आकडा आहे मॅडम, बाकी कोडं करेक्ट आहे." एकच आकडा! सुडोकूत निदान 17 आकडे दिल्याशिवाय उत्तर एकच राहूच शकत नाही, 16 चं एकही चालत नाही, हे 2012 मध्ये डब्लिनच्या एका चमूने कॉम्प्युटरवर सगळे पर्याय तपासून दाखवलं. 17 आणि 16 मध्येही एकच आकडा आहे. हे सगळं त्यांना टाइप करून पाठवलं. 19 दिवसांनी त्या पानाची पीडीएफ आली, सॉरी वगैरे काही नाही, पण आली.

मग मी विषम नंबरची सगळी पानं तपासली, कारण स्पायरल त्यांच्या डाव्या बाजूला येतो. 41, 133 आणि 159 वरही आकड्यांवर भोक पडलंय, पण तिथे आकडा ओळखू येतो. ज्यांच्याकडे हीच प्रत आहे त्यांनी 87 च्या डाव्या रांगेत खालून दुसऱ्या घरात पेनने 2 लिहून घ्या आणि मगच सुरुवात करा.

कोड्यांना माझे पाच स्टार, आता पूर्ण विचार करून. हेयावाके थोडी कमी आहेत, अकारी सुरुवातीची फारच सोपी, पण नुरिकाबे एकाहून एक. 112 नंबरच्या नुरिकाबेत तर समुद्र तुटेल म्हणून एक काळं घर, आणि तेच घर काळं केलं की दोन बाय दोनचा डबका होईल म्हणून त्याच्या बाजूचं पांढरं, अशी साखळी पूर्ण पानभर फिरते, कुठेच अडत नाही. कागद आणि बाइंडिंगला एकही स्टार देणार नाही. ज्यांना खर्चच करायचा नाही त्यांनी लॉजिक मास्टर्स इंडियाच्या साइटवर बघा, 2017 ला बंगळुरूत सुडोकू आणि पझलची जागतिक स्पर्धा भरली होती ती यांनीच घेतली, तिथे हाताने बनवलेली भरपूर कोडी आहेत आणि घरी प्रिंट काढता येतात.

मी आता तेच करते. त्याच दादांकडे 100 जीएसएमच्या जाड कागदावर प्रिंट, पाच रुपये पान, एका बाजूला छापून, डावीकडे पूर्ण एक इंच मार्जिन सोडून. परवा 40 पानांचा गठ्ठा आणला, 200 रुपये आणि 30 स्पायरलचे. कूलर चालू असताना त्यावर एचबी पेन्सिलने फुल्या मारल्या आणि तीनदा खोडून पाहिल्या. लव निघाली नाही.