गंगापूर रोडवरील वैमानिक ग्राउंड क्लास : सहा महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी गेल्या वर्षी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्याला वैमानिक व्हायचे आहे, असे तिने घरात सांगितले. आम्ही नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंतचे. जवळच्या ओझरच्या विमानतळावरून उडालेली सुखोई लढाऊ विमाने आमच्या द्राक्षबागेवरून जाताना ती लहानपणापासून पाहत आली आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याचे आश्चर्य वाटले नाही. प्रश्न होता तो पुढचा. आधी पदवी घ्यावी, एखादी नोकरी धरून पैसे साठवावेत, की थेट फ्लाइंग स्कूल गाठावे, यावर आमच्या घरात दोन महिने नुसती चर्चा चालली होती. नाशिकच्या गंगापूर रोडवरील या ग्राउंड क्लासमध्ये, म्हणजे वैमानिकाच्या परीक्षेचे लेखी विषय शिकवणाऱ्या वर्गात, आधी मार्गदर्शनासाठी आणि नंतर शनिवार-रविवारच्या बॅचसाठी गेल्यावर त्या चर्चेला दिशा मिळाली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

त्याआधीचा एक अनुभव सांगितल्याशिवाय या क्लासचे वेगळेपण लक्षात येणार नाही. दुसऱ्या शहरातील एका सल्लागार संस्थेत आम्ही प्रथम गेलो होतो. तेथे परदेशातील प्रशिक्षणाची चकचकीत माहितीपुस्तिका हातात ठेवून, तीन दिवसांत एक लाख रुपये भरले नाहीत तर जागा जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले. परदेशी परवाना घेऊन परत आल्यावर तो भारतीय परवान्यात रूपांतरित करावा लागतो आणि त्यासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परीक्षा पुन्हा द्यावी लागते, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. मुलीचे डोळे कधी तपासले आहेत का, हेही कोणी विचारले नाही. तिला चष्मा आहे, तो त्यांच्या समोर बसूनही तिने लावलेला होता.

गंगापूर रोडच्या क्लासमधील सरांनी, जे स्वतः निवृत्त वैमानिक आहेत, पहिला प्रश्न तोच विचारला. चष्मा चालतो, चष्म्यासह दृष्टी ठरलेल्या मापात बसली म्हणजे झाले. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र पुढचा सगळा खर्च वाया जातो, हे त्यांनी समजावून सांगितले. ‘‘ताई, आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिली वैद्यकीय तपासणी, करून आणा, मग माझी फी भरा,’’ असे ते म्हणाले, तेव्हा योग्य जागी आलो आहोत याची मला खात्री पटली. त्यांच्या मते कॉलेज, नोकरी आणि फ्लाइंग यांपैकी एक निवडून बाकी दोन सोडून देण्याचा हा प्रश्नच नाही. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी करायची, एवढेच ठरवायचे असते. गेल्या सहा महिन्यांत मला हे म्हणणे पुरेपूर पटले आहे.

सरांनी फळ्यावर मांडलेला हिशेब असा होता. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत आणि किमान 200 तासांचे उड्डाण हवे, त्यातले 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख या नात्याने. हे 200 तास अर्ज करण्याच्या आधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. भारतात एवढ्या प्रशिक्षणाचा खर्च साधारण 40 ते 60 लाखांच्या घरात जातो आणि एअरलाइनचे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्यासाठी लागणारी पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, त्यानंतर वेगळे. निम्मे पैसे हाताशी असताना फ्लाइंग सुरू करून मध्येच खंड पडला, तर केलेले तासही कालबाह्य होण्याची भीती असते, ही बाब आम्हाला तोवर ठाऊक नव्हती. बँकेत चौकशी केली तेव्हा साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते असे कळले आणि माझे पती पिंपळगावचे घर तारण ठेवायला लगेच तयारही झाले. सरांनी त्यांना थांबवले आणि क्लास वन मेडिकलचा, म्हणजे सीपीएलसाठी लागणाऱ्या पुढच्या वैद्यकीय तपासणीचा, निकाल हातात येईपर्यंत घराच्या कागदपत्रांना हात लावू नका, असे बजावून सांगितले. असे सांगणारा माणूस मी तरी या व्यवसायात दुसरा पाहिला नाही.

पदवीविषयीचे त्यांचे मत आम्हाला अनपेक्षित होते. सीपीएलला पदवी लागत नाही, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पुरते, हे त्यांनी स्पष्ट केले. पण त्याच श्वासात त्यांनी पदवीची खरी किंमतही सांगितली. हवाई दलाच्या एएफसीएटी परीक्षेतून फ्लाइंग ब्रँचला जायचे तर पदवी आवश्यक असते, त्या प्रशिक्षणाला घरचा पैसा लागत नाही, आणि सीपीएल असलेल्या उमेदवाराला वयोमर्यादेत दोन वर्षांची सवलत मिळते. शिवाय जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा हातात परवाना असलेली कितीतरी माणसे घरी बसली, हेही त्यांनी सांगितले. पालकांना न आवडणारी गोष्ट प्रवेशाच्या आधी सांगणे ही माझ्या दृष्टीने या क्लासची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

नोकरीचा मार्ग कसा असतो, ते बॅचमधील एका मुलाकडे पाहून समजले. तो बारावी कॉमर्सचा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीत काम करतो, मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणिताची परीक्षा देतो आणि शनिवारी पहिल्या बाकावर बसलेला असतो. सरांनी त्याच्या पाळ्या बघून त्याला फी सहा हप्त्यांत बांधून दिली आहे.

शिकवण्याबद्दल लिहायचे तर नेव्हिगेशन हा विषय येथे उत्तम शिकवला जातो. एके संध्याकाळी माझी मुलगी शेडमध्ये द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर नकाशा पसरून बसली होती आणि तिने मला साठाला एकचा नियम समजावून सांगितला. साठ सागरी मैल गेल्यावर विमान मार्गापासून तीन मैल बाजूला आढळले, तर दिशा सुमारे तीन अंशांनी चुकली आहे, असा तो साधा हिशेब. पुढचे अंतर तेवढेच साठ मैल उरले असेल, तर मुक्कामी नेमके पोहोचण्यासाठी तीन नव्हे, सहा अंश वळावे लागते. तीन अंशांनी विमान फक्त मूळ मार्गाला समांतर होते. मी शाळेत वीस वर्षे गणित शिकवते, पण त्रिकोणमितीचा इतका जिवंत उपयोग मी माझ्या वर्गात कधी दाखवला नव्हता. त्या सोमवारी मी तो नववीच्या मुलांना करून दाखवला.

उणिवाही आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. हवामानशास्त्राचे शिक्षक मुंबईहून येतात. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या खोळंबल्या की त्यांचा तास बुडतो, आणि बुडालेल्या तीनपैकी एकच तास भरून निघाला. हवाई नियमांच्या विषयाच्या छापील नोट्स जुन्या आहेत, त्यातील दुरुस्त्या फळ्यावरून उतरवून घ्याव्या लागतात. रेडिओ टेलिफोनीच्या, म्हणजे विमानातून रेडिओवर करायच्या संभाषणाच्या, तोंडी परीक्षेची तयारी येथे होतच नाही, तिच्यासाठी वेगळी व्यवस्था पाहावी लागणार आहे. दीड लाख रुपये फी घेणाऱ्या क्लासने निदान नोट्स तरी अद्ययावत द्याव्यात, ही माझी रास्त अपेक्षा आहे आणि ती मी सरांना समक्ष सांगितली आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. परीक्षेसाठी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी. मुलीच्या कागदांत वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगचाही फरक निघाला आणि त्यात आमचे पाच आठवडे गेले. क्लासच्या कार्यालयातील ताईंनी सर्व कागद एकेक करून तपासून दिले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

सध्या मुलगी नाशिकमध्येच बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, क्लास टू झाले आहे आणि क्लास वनची तारीख मिळाली आहे. नियमांचा पेपर ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली; नेव्हिगेशनमध्ये 70 गुणांची अट असताना 64 मिळाले, म्हणून तो पेपर ती पुन्हा देणार आहे. त्यासाठी सरांनी तिला वेगळी फी न घेता पुढच्या बॅचमध्ये बसू दिले आहे. फ्लाइंगसाठी गोंदिया, बारामती आणि धुळे ही तीन ठिकाणे आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहणार आहोत. तेथे किती विमाने खरोखर उडत्या स्थितीत आहेत आणि एका विद्यार्थ्याला महिन्याला किती तास मिळतात, हे दोन प्रश्न कोणाला विचारायचे तेही सरांनी लिहून दिले आहे : कार्यालयात नव्हे, तर हँगरबाहेर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या मुलांना.