तत्त्वज्ञानात बी.ए. : फर्ग्युसन की इग्नू?

बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी दोन्हीकडे दार उघडं आहे. संस्कृत किंवा तर्कशास्त्र आधी शिकलेलं असण्याची अट नाही. १८८५ सालच्या फर्ग्युसनमध्ये मात्र गुणांची चुरस, वर ७५ टक्के हजेरी. इग्नू म्हणजे घरी बसून शिकायचं मुक्त विद्यापीठ; तिथे टक्केवारीची आडकाठी नाही, आणि नोकरी सांभाळून ३ वर्षांची पदवी ६ वर्षांपर्यंत पुरवता येते.

पण प्लेटो किंवा शंकराचार्य एकट्याने वाचताना आपल्याला सगळं कळलंय असंच वाटत राहतं. वर्गात कुणीतरी ‘हे कशावरून?’ म्हणून अडवतं, आणि तो वाद पुढे चहाच्या टपरीवर रंगतो. पोस्टाने आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला हे जमत नाही. (घरातच कुणी वाद घालणारं असेल तर गोष्ट वेगळी!) रोज जाणं शक्य असेल, तर मी फर्ग्युसनच म्हणेन.