यूजीसीची तक्रार निवारण व्यवस्था: फी परतीला बरी, मार्कांना निकामी

विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल 2023 मध्ये नवे विनियम आणले. क्रम असा: कॉलेजच्या पोर्टलवर अर्ज, 15 दिवसांत तो कॉलेजच्या अभिप्रायासह विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, समितीचा अहवाल 15 कामकाजाच्या दिवसांत. पटला नाही तर 15 दिवसांत लोकपालांकडे (विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला विद्यापीठाने नेमलेली व्यक्ती) अपील, तिथे निकालाला 30 दिवस. समितीत अध्यक्ष धरून पाच प्राध्यापक. विद्यार्थी एकच, तोही निवडून आलेला नव्हे, नेमलेला ‘विशेष निमंत्रित’. बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीत (गणपूर्तीत) तो धरतच नाहीत.

गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर. सरांना तोंडी सांगितलेली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली तक्रार नोंदली जात नाही. पोर्टल बंद असेल तर अर्ज आवक खिडकीवर द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. तो नसेल तर मुदत उलटली हे दाखवणार कसे? एका अर्जात एकच मागणी. फी परत हवी असेल तर एवढंच: प्रवेश कधी रद्द केला, किती भरले, किती परत हवेत, सोबत पावती. हॉस्टेल, कॅन्टीन, हजेरी सगळं एकत्र कालवलं की उत्तरही गोलमोल येतं.

फी परत आणि अडकवून ठेवलेली मूळ कागदपत्रं यांसाठी ही व्यवस्था खरोखर कामाची, कारण नियम आकड्यांत आहे. 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के फी परत, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे शून्य. त्या-त्या वर्षाच्या परिपत्रकात याहून जास्त सवलत असू शकते, म्हणून ते आधी पाहावं. मूळ मार्कशीट, टीसी पडताळून लगेच परत द्यायची असते. ठेवून घेता येत नाही.

मार्कांसाठी इथे वेळ घालवू नये. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला नाही, तर लोकपाल पुनर्मूल्यांकनाचं अपील ऐकत नाहीत. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागायची मुदत पाळावी. हुकली तर माहिती अधिकार आहे: 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उत्तरपत्रिका ‘माहिती’ ठरली. मार्क वाढत नाहीत, पण चुकलेली बेरीज आणि न तपासलेलं पान दिसतं.

खरी खोट वेगळीच. लोकपाल नेमतं विद्यापीठच. आदेश पाळला नाही तर यूजीसी अनुदान रोखू शकते. विनाअनुदानित कॉलेजला त्याची कसली भीती! त्यांना धाक विद्यापीठाची संलग्नता जाण्याचा. म्हणून अपिलाची एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांकडेही द्यावी, पुन्हा शिक्क्यासह.