पांढऱ्या पाटीची सेल्फ ड्राइव्ह गाडी आणि आमचे गेलेले पंचवीस हजार

मे महिन्यात कोकणात फिरायला सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्याने घेणार असाल तर मॉडेल, मायलेज, एसी हे सगळं नंतर बघा, आधी नंबर प्लेटचा रंग बघा. पाटी पांढरी असेल तर ती गाडी भाड्याने द्यायचा समोरच्याला अधिकारच नाही, आणि एकदा तुम्ही तिच्यात बसलात की नंतर काहीही वाद झाला तरी तुमच्या हातात दाखवायला धड कागद नसतो. आमचे पंचवीस हजार असे गेलेत. मी रत्नागिरीतच राहतो, रस्ते ओळखीचे, माणसं ओळखीची, तरी हे झालं, मग मुंबई-पुण्याहून ट्रेनने उतरून स्टेशनवरच गाडी ताब्यात घेणाऱ्यांचं काय होत असेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाऊ, वहिनी आणि पुतणी सुट्टीला आले होते. आई-बाबा, मी आणि बायको धरून सात जण. माझी गाडी छोटी, पाच जणांची, त्यामुळे सात सीटर बघणं आलंच. पावसवरून आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, मग देवगड-कुणकेश्वर करून आचऱ्यावरून मालवण-तारकर्ली असा सागरी मार्गानेच जायचा बेत होता, कारण बाबांना हायवेने नुसतं पळायचं नव्हतं, त्यांना विजयदुर्ग बघायचा होता आणि आईला कुणकेश्वर.

या रस्त्याला गाडी कुठली घ्यायची यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, ती इथे सांगतो कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. इनोव्हा क्रिस्टा आरामदायक आहे पण लांबी 4735 मिमी, आणि सागरी मार्गावर वाडीतून जाताना दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, समोरून एसटी आली की मागे घ्यावी लागते, तिथे लांब गाडीने घाम फुटतो. अर्टिगा साधारण 4400 मिमी, वळायला सोपी. तिचा ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमिनीपासूनची उंची सांगतात ती रिकाम्या गाडीची, सात माणसं आणि सामान भरलं की गाडी खाली बसते, त्यामुळे वाडीतले उंच स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे. दुसरं म्हणजे सीएनजी नको. तिसरी सीट उघडी ठेवली की मागे जेमतेम 209 लिटर जागा उरते, त्यातच सिलेंडर आला तर बॅगा मांडीवर घ्यायच्या. आणि किनाऱ्याच्या या पट्ट्यात सीएनजी पंप शोधत फिरणं आणि मेच्या उन्हात रांगेत उभं राहणं म्हाताऱ्या माणसांना घेऊन तर नकोच. मागच्या रांगेला एसीची हवा पोचते का हे पण बघायचं, त्या दिवसात दमट उकाडा असा असतो की हवा नसेल तर तिसऱ्या सीटवर मूल बसूच शकत नाही. थोडक्यात पेट्रोल अर्टिगा पाहिजे हे ठरलं.

आता मेमध्ये इथे लग्नं असतात. पिवळ्या पाटीच्या ओळखीच्या सगळ्या गाड्या आधीच बुक होत्या. मग फेसबुकवर एक जाहिरात दिसली, रत्नागिरीतलाच नंबर, पांढरीशुभ्र अर्टिगा, फोटोत नंबर प्लेट पुसट केलेली. फोनवर माणूस अगदी आदराने बोलला. दिवसाला 3200, 300 किलोमीटरची मर्यादा, डिपॉझिट 15000 परत मिळणार. बुकिंगचे पाच हजार यूपीआयने पाठवले, नाव आलं ते भलत्याच माणसाचं, तर म्हणाला माझ्या मेव्हण्याचं अकाउंट आहे, धंद्याचं अकाउंट नवीन होतंय.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी आली ती वेगळीच. अर्टिगाच, पण जुनी आणि पांढऱ्या पाटीची. "साहेब, ती गाडी लग्नाला गेली ती सावंतवाडीतच अडकली, ही पण एक नंबर आहे, घरचीच." आई-बाबा तयार होऊन ओटीवर बसलेले, सामान बाहेर आलेलं, पुढचं बुकिंग झालेलं. या लोकांना ही वेळ बरोबर माहीत असते. आणि जाता जाता एक वाक्य म्हणाला, "कोणी अडवलंच तर मित्राची गाडी आहे सांगा." हे वाक्य कोणीही तुम्हाला सांगितलं तर तिथेच समजा की गाडी बेकायदेशीर भाड्याने दिली जातेय. भावाचं ओरिजिनल लायसन्स त्याने "रेकॉर्डसाठी" ठेवून घेतलं, आणि गाडी चालवताना मोबाइलवर डिजीलॉकरमधलं दाखवा, चालतं म्हणाला. ते चालतं हे खरंच आहे, म्हणून तर कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

गाडीचा व्हिडिओ आम्ही काढला, चारही बाजूंनी. पण गाडी नुकतीच धुतलेली होती, दारांवरून पाणी ओघळत होतं, बॉनेटवर थेंब. आणि उजाडलं पण नव्हतं नीट. ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडे दिसतच नाहीत, पाणी त्यात भरतं आणि सगळं चकचकीत वाटतं, वाळलं की तेच ओरखडे पांढरे होऊन वर येतात. पहाटे ओली गाडी देणं हा त्यांचा ठरलेला प्रकार आहे हे मला नंतर कळलं. गाडी ओली असेल तर फडक्याने पुसून घ्या, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून व्हिडिओ काढा. बंपरच्या खाली हात घालून, मोबाइल जमिनीला टेकवून खालचा भाग पण घ्या.

ट्रिप छान झाली, ते खोटं कशाला सांगू. विजयदुर्गावर बाबा तटावरून हलायला तयार नव्हते. गाडी आम्ही कुठेही वाळूत उतरवली नाही, हे मुद्दाम सांगतो कारण नंतर आरोप तोच झाला.

परत आलो, संध्याकाळी दिवेलागणीला तो गाडीवाला गाडी घ्यायला आला, सोबत आणखी दोघं. आल्या आल्या इकडेतिकडे काही न बघता थेट पुढच्या बंपरपाशी खाली बसला, टॉर्च मारला आणि म्हणाला चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) घासलाय, बंपर फुटलाय, बीचवर घातलीत गाडी. मग बिल सांगायला लागला, बंपर नवीन, चेंबर, डेंटिंग-पेंटिंग, आणि गाडी गॅरेजला दहा दिवस उभी राहणार त्याचं रोजचं भाडं, एकूण 52000. आई घाबरून आत गेली.

मी खाली वाकून बघितलं. बंपरच्या खालच्या पट्टीला तडा होता, आणि तो आतून दोन काळ्या केबल टायने ओढून बांधलेला. ड्रिल मारून भोकं पाडलेली, टायची टोकं कापलेली, कापलेल्या जागी धूळ बसून घट्ट झालेली. आणि तड्याच्या आत लाल चिखल, नुसती धूळ नव्हे, सुकून दगड झालेला चिखल, त्यात गवताची काडी चिकटलेली. नखाने निघेना, किल्लीने खरवडला तेव्हा खपली पडली. आता कोकणात राहणाऱ्या कोणालाही विचारा, मेमध्ये आमच्याकडे धूळ उडते, चिखल येणार कुठून? त्या आठवड्यात अवकाळीचा एक थेंब पडला नव्हता. तो चिखल मागच्या पावसाळ्यातला होता. हे मी त्याला तिथेच दाखवलं, खपली हातात ठेवली. तो हसला पण नाही, रागावला पण नाही, नुसतं म्हणाला, "साहेब, तुमच्या व्हिडिओत फूट दिसतेय का? नाही ना? मग विषय संपला."

भावाची सकाळची ट्रेन होती आणि त्याचं लायसन्स या गाडीवाल्याकडे. पोलिसात जाऊ म्हटल्यावर म्हणतो चला, मी पण सांगतो माझ्या घरची गाडी तुम्ही मैत्रीत मागून नेलीत आणि आपटून आणलीत, भाड्याची पावती दाखवा. पावती नव्हतीच, मागितली तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला होता. शेवटी डिपॉझिटचे पंधरा हजार सोडले आणि वर दहा हजार दिले तेव्हा लायसन्स मिळालं. लायसन्स हरवल्याची तक्रार देऊन डुप्लिकेट काढता येतं हे खरं, पण तिघं माणसं दारात उभी, घरात म्हातारी माणसं, अशा वेळी माणूस घरातल्यांचा विचार करतो.

यात कायदा काय आहे तो मी नंतर नीट समजून घेतला. पांढरी पाटी काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. पिवळी पाटी काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याची टॅक्सी. आणि सेल्फ ड्राइव्हला द्यायची गाडी म्हणजे काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं. भाड्याने चालवायच्या गाडीला मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 66 प्रमाणे परमिट लागतं, आणि सेल्फ ड्राइव्हचा धंदा करणाऱ्याला रेंट अ कॅब स्कीम, 1989 खाली लायसन्स लागतं, त्यासाठी किमान 50 गाड्या असाव्या लागतात. म्हणजे दोन-चार गाड्या दारात लावून बसलेल्याकडे हे लायसन्स असणं शक्यच नाही, तो फार तर दुसऱ्या कोणाचं नाव सांगेल.

सगळ्यात गंभीर गोष्ट पैशांची नाहीच. खाजगी गाडीच्या इन्शुरन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने दिलेली असताना संरक्षण नाही. आम्ही सात जण त्या गाडीत बसून घाटातून, वळणांतून फिरत होतो आणि कुठे काही झालं असतं तर कंपनीने क्लेम नाकारला असता. पुतणी मागच्या सीटवर झोपलेली होती हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हा माणूस दर आठवड्याला कोणाच्या तरी कुटुंबाला असं रस्त्यावर सोडतोय, माझा राग त्यावर आहे.

गाडी ताब्यात घ्यायच्या आधी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. वाहनाचा वर्ग मोटर कार असा दिसला तर खाजगी, मोटर कॅब दिसला तर भाड्याची. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख पण तिथेच कळते. नंबर आदल्या दिवशीच मागून घ्या, देत नसेल तर बुकिंग करू नका, आणि ऐनवेळी दुसरी गाडी आणली तर तिचाही नंबर टाकून बघा. ओरिजिनल कागद कोणालाही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स पुरे. पैसे ज्याच्या नावाने पावती त्याच्याच खात्यात.

पुढे काय झालं ते सांगतो. लांज्याच्या एका ओळखीच्यांना हा प्रकार सांगितला तर त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. तीच गाडी, तोच नंबर, तोच तडा, तेच दोन केबल टाय, फोटो फेब्रुवारीचा. त्यांच्याकडून पण "बंपर फुटला" म्हणून आठ हजार घेतलेले. त्यांनी गाडी परत देताना सहज काढलेला फोटो होता तो, आणि त्यानेच आमची बाजू उभी राहिली.

मग आम्ही दोघांनी मिळून पोलिसात लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आरटीओला पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली जातेय म्हणून जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसह वेगळा अर्ज दिला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथे नीट मार्गदर्शन मिळालं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, त्यामुळे मागे असं काही झालं असेल आणि आता काय उपयोग म्हणून गप्प बसला असाल तर बसू नका. बुकिंगचे पैसे घेऊन गाडीच न देणारे पण आहेत, तसं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

अर्ज गेल्यावर त्या गाडीवाल्याचा फोन आला होता, दहा हजार परत देतो, अर्ज मागे घ्या. लांज्याच्या काकांनी आणि मी नाही सांगितलं. ती गाडी परवा मारुती मंदिरजवळ उभी दिसली, पाटी पांढरीच आहे, बंपर मात्र नवीन बसवलाय. जुना फोटो आमच्या दोघांकडे तारखेसकट आहे आणि तो आम्ही आयोगात जोडलाय.