राऊला घरपोच किराणा, बॅटरीवाल्या रिक्षातून: 3 महिने वापरून

इंदूरजवळ राऊला राहायला आलो तेव्हापासून किराणा म्हणजे इंदूरातला सियागंजचा बाजार, जाऊन-येऊन 25-एक किलोमीटर, त्यात आईंना हिंग ठरलेल्या दुकानातलंच हवं, निम्मा रविवार स्कूटीवरच. म्हणून ही सर्विस लावली. लगेच येत नाही हं, ऑर्डर आदल्या रात्री 9 पर्यंत टाकायची, मग सकाळी अख्ख्या कॉलनीचं सामान एकाच बॅटरीवाल्या लोडिंग रिक्षातून येतं, आणि मला तर हेच पटलं, 10 मिनिटांत कोथिंबिरीची जुडी पोचवायला कुणाचा तरी पोरगा जीव मुठीत धरून गाडी पळवणार, कशाला? सामान क्रेटमध्ये येतं, रिकामे क्रेट परत नेतात, घरात खोक्यांचा ढीग नाही.

पण मागच्या आठवड्यात जाडे पोहे मागवले तर आले पातळ. इंदूरात, पोहे! फोन कुणी उचलेना, बदलून दिले ते दोन दिवसांनी, तोवर मी स्कूटी काढून सियागंजला जाऊन आलेच, म्हणजे वाचवलेलं पेट्रोल गेलं की तिथेच. महिन्याच्या सामानाला खुशाल घ्या, पाहुणे दारात असतील तर भरवसा नको.

हिंग अजून मीच आणतेय.