मासिक वाचक-वर्गणीवर स्थानिक पत्रकारिता: वर्षभराच्या वापरानंतर

बातम्या सगळ्यांना मोफत, आणि ज्यांना जमेल त्यांनी दरमहा वर्गणी द्यायची. ही पद्धत टिकते. पण तिचं खरं दुखणं नवे वर्गणीदार मिळवण्यात नाही, असलेले नकळत गळतात त्यात आहे.

कार्डाची मुदत संपते, बँक नवं कार्ड पाठवते, वसुलीच्या दिवशी खात्यात शिल्लक नसते. वर्गणी बंद पडते आणि वाचकाला पत्ताही लागत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या 30 दिवस आणि मग 7 दिवस आधी सूचना जायला हवी. वसुली फसली तर 3, 5 आणि 7 दिवसांच्या अंतराने पुन्हा प्रयत्न, तरीही जमलं नाही तर संपादकाच्या नावाने दोन ओळींचा मेल. त्यातल्या लिंकवर थेट कार्ड बदलता आलं पाहिजे. आधी पासवर्ड विचारला की देण्याची इच्छा असलेला माणूसही परत फिरतो. सदस्यत्वाची सॉफ्टवेअरं यातलं बरंच आपोआप करतात, फक्त ती सेटिंग सुरू आहे का ते पहिल्याच दिवशी तपासा.

लहान रकमांना व्यवहारशुल्क फार लागतं. टक्केवारीखेरीज दर व्यवहाराला ठरावीक रक्कमही कापली जात असेल, तर मासिक वर्गणीत ती वर्षाला 12 वेळा जाते, वार्षिकात एकदाच. त्यामुळे सर्वांत लहान रकमेसाठी वार्षिक पर्याय आधी दाखवावा.

आवाहन बातमीच्या शेवटी ठेवलेलं बरं. वाचायला सुरुवात करतानाच पडद्यावर चौकट आदळली तर चिडच होते. 'स्वतंत्र पत्रकारितेला साथ द्या' हे फार मोघम आहे. 'या बातमीसाठी तीन सभांना बसलो, माहिती अधिकाराचे दोन अर्ज केले' असं लिहिलं की पैसा कुठे जातो ते समजतं.

स्वातंत्र्याचा प्रश्न वाचकांच्या पैशानेही सुटत नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. एकच मोठा देणगीदार जाहिरातदारासारखाच जड होतो. एका व्यक्तीकडून एकूण उत्पन्नाच्या किती टक्के घ्यायचे ती मर्यादा आधी ठरवून जाहीर करा, आणि वर्गणीदारांची यादी बातमीदारांच्या हाती देऊ नका. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2014 साली सुरू झालेल्या ब्रिस्टल केबल या स्थानिक वृत्तमाध्यमाने सहकारी संस्थेचा मार्ग घेतला: वर्गणी कितीही असो, सभासदाला मत एकच.

वर्गणी थांबवण्याचं बटण लपवू नये. त्याशेजारी 'तीन महिने विश्रांती' हा पर्याय ठेवा. हात आखडता असलेल्या वाचकाला नातं तोडावं लागत नाही.